वरच्या मजल्यावरचा कट्टा

"यातला एक शब्द बदलायचा होता," राजमतीवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी निळा नकाशा माझ्या टेबलावर पसरला. गुंडाळून ठेवल्यामुळे तो इतका वळला होता, की एका टोकावर माझी पट्टी आणि दुसऱ्यावर त्यांची पिशवी ठेवावी लागली. "हा इथला."

त्यांचं बोट वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीवर होतं. दहा बाय आठची खोली. तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोठीची खोली'.

"इथं स्वयंपाकघर लिहायचं. सोमवारी नगरपालिकेचा माणूस जागा बघायला येणार आहे. त्याच्याआधी झालं तर बरं."

तो शुक्रवार होता. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. मी तेव्हा नेर्लेकर इंजिनिअरांकडे नकाशे काढायला होते. आयटीआय करून लागले ती तिथंच. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती मी कागदावर उभ्या केल्या आहेत, आणि स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. माझं अक्षर सुरेख होतं. शैलाचं अक्षर बघूनच नगरपालिकेचा ओव्हरसियर निम्मी सही करतो, असं नेर्लेकर आल्यागेल्याला सांगायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. हुशारीचं कौतुक व्हावं अशी माझी इच्छा होती आणि झालं ते अक्षराचं, पण तेही मी सोडत नव्हते.

"मंजूर झालेला नकाशा आहे वहिनी," मी म्हटलं. "त्यातला शब्द असा खोडता येत नाही."

"पण तुम्हीच लिहिलाय की."

हे मात्र खरं होतं. तीन वर्षांपूर्वी दोघं मगदूम बंधू आमच्या ऑफिसात आले होते. सन्मती कॉलनीत त्यांचा प्लॉट. कॉलनीची मूळ अटच अशी, की एका प्लॉटवर एकच घर आणि घरात एकच कुटुंब. प्लॉट थोरल्या भूपालअण्णांच्या नावावर. खाली ते राहत, आणि वरचा मजला धाकट्या बाहुबलींनी स्वतःच्या कमाईतून त्याच्या चार वर्षं आधीच चढवला होता, मंजुरी तेवढी घ्यायची राहिली होती. बाहुबली पंपसेट दुरुस्त करायचे, हाताला कायम ग्रीसचा वास. घर दोघांचं, संसार दोन, कागद एक. आता कुटुंबं किती हे नगरपालिका मोजणार कसं? तर चुली मोजून. भाऊ वेगळे झाले की आपण म्हणतो चूल वेगळी झाली, सरकारचंही म्हणणं तेच. वर दुसरा स्वयंपाकाचा कट्टा दिसला की ते दुसरं घर, आणि दुसरं घर म्हटलं की मंजुरी नाही.

नेर्लेकरांकडे यावर तयार उपाय होता. "कट्ट्याची रेघ ओढू नकोस शैला, आणि खोलीला कोठी म्हण."

"म्हणजे आम्ही कोठीतले उंदीर झालो म्हणा की," बाहुबली म्हणाले होते. अण्णा हसले, नेर्लेकर हसले, मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या गावात माझ्या कृपेनं घरोघरी कोठ्या होत्या.

त्यानंतर दीड वर्षानं बाहुबलींना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. मागं राजमतीवहिनी आणि बारा वर्षांची त्रिशला. मग अण्णांची सूतगिरणी बंद पडली. घरात पगार नाही, थोरला मुलगा बसून. तेवढ्यात एका क्लासवाल्यानं विचारलं, वरचा मजला भाड्यानं देता का. त्यासाठी राहत्या घराचा वापर बदलून घ्यावा लागतो. अण्णांनी नगरपालिकेत तसा अर्ज टाकला. इमारतीत वेगळं घर करून दुसरं कुणी राहत असेल तर त्याची लेखी संमती लागते. वहिनींनी संमती दिली नाही, उलट हरकत घेतली. तेव्हा खिडकीवरच्या कारकुनानं फाइल उघडली आणि तो म्हणाला, बाई, वर घर आहेच कुठं? तिथं कोठी आहे.

"मी त्याला म्हटलं, मग मी सात वर्षं कुठं राहते?" वहिनी मला सांगत होत्या. "तो म्हणाला, ते मला नका विचारू. म्हणून तुमच्याकडं आले."

"अण्णा काय म्हणतात?"

"अण्णा वाईट नाहीत हो. म्हणतात, खाली या, घर काय परक्याचं आहे का. जाऊबाईंनी, अक्कांनी, मागची खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय." त्या थोडा वेळ नकाशाकडेच बघत राहिल्या. "पण शैलाताई, आज मी माझ्या घरात जेवते. भाकरी करपली तर माझी करपते. खाली गेले की मी त्यांच्यात जेवणारी बाई. पोरीनं चार घास जास्त खाल्ले तर मी मान वर करून बघणार कुणी बघितलं का. मला ते नको आहे."

माझी एक विधवा आत्या माझ्या वडिलांकडे अशीच राहायची, आणि ती कायम सगळ्यांच्या नंतर, परातीत उरलेलं खायची. मला वहिनींचं म्हणणं शब्दन् शब्द कळत होतं, हे मी कबूल करते.

"तुम्ही माप घ्यायला आला होता तेव्हा माझ्या कट्ट्यापाशी उभं राहून उपीट खाल्लं होतं," त्या म्हणाल्या. "शब्द बदलता येत नसेल तर नसू दे. सोमवारी नुसतं एवढं सांगा, की माप घेतलं तेव्हा इथं कट्टा होता. तुमच्या सहीचा नकाशा आहे. तुमचं ऐकतील."

"बघते," मी म्हटलं.

आपल्याकडे 'बघते' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. राजमतीवहिनींना कळलं नाही. त्या निवांत मनानं जिना उतरून गेल्या.

नेर्लेकरांनी प्लायवुडच्या पार्टिशनआडून सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. ते चढ्या आवाजात कधीच बोलायचे नाहीत. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा या माणसानं मला दोन महिने घरी बसून पगार दिला होता.

"हात दाखवून अवलक्षण करू नकोस," ते म्हणाले. "कट्टा होता असं म्हटलंस, की नकाशा खोटा होता असं म्हटलंस. माझं लायसन्स जाईल ते जाईल. रेखाटन म्हणून खाली सही तुझी आहे. आणि एक कोठी उघडली की सगळ्या उघडतील. किती लिहिल्यास आतापर्यंत?"

"मोजल्या नाहीत."

"मीही नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायची मला फार सवय लागली होती. पुढचं सगळं माझं मी केलं.

शनिवारी संध्याकाळी मी सन्मती कॉलनीत गेले. वहिनी भाकऱ्या करत होत्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही त्यांच्या घरची जैन रीत. त्रिशला ताट घेऊन खाली बसली होती. कट्टा काळ्या कडप्प्याचा होता. बाहुबलींनी तो गवंड्याला हात लावू न देता स्वतः बसवला होता, आणि वहिनी ठेंगण्या म्हणून नेहमीपेक्षा दोन इंच खाली घेतला होता. हे वहिनींनीच सांगितलं, लाजत सांगितलं. नवरा जाऊन दीड वर्ष झालं तरी त्या कट्ट्याबद्दल बोलताना त्या लाजल्या.

"वहिनी, सोमवारी त्यानं हा कट्टा बघितला तर?"

"बघू दे की. त्यासाठीच तर बोलावलंय."

"तसं नसतं ते," मी म्हटलं. "मंजुरी नसताना स्वयंपाकघर सापडलं की नोटीस निघते. मग सगळा वरचा मजलाच बेकायदा म्हणतात. पाडायलासुद्धा येतात."

त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

यातलं एकही वाक्य अगदी खोटं नव्हतं. नोटीस निघत असे. पाडायलाही कुठं कुठं आले होते. मी ते फार मायेच्या आवाजात बोलले, इतक्या मायेच्या, की मलाही क्षणभर वाटलं, मी यांच्याच काळजीनं आले आहे.

"मग मी करू काय?"

"पाहणीच्या आधी कट्टा काढून घ्या. एकदा नोटीस टळू दे. हरकतीचं नंतर बघता येईल. रेशनकार्ड वेगळं आहे ना तुमचं?"

"आहे."

"झालं तर. ते दाखवा. वेगळं कुटुंब म्हणून तेवढं पुरे."

"आणि स्वयंपाक?"

"दोन दिवस खाली करा. दोन दिवसांनी काय होतंय?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगल्यावर काढली. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर काढते. तुम्हाला यातलं कळतं."

रविवारी त्यांनी गवंडी बोलावला. कडप्पा अखंड निघाला नाही, त्याचे दोन तुकडे झाले. ते तुकडे त्यांनी गच्चीवर नेऊन उभे करून ठेवले. गवंड्यानं भिंतीवरच्या खुणा सिमेंटनं बुजवल्या, वरून चुन्याचा हात मारला. अण्णांनी आवाज ऐकला असणारच. ते वर आले नाहीत.

सोमवारी अकराला ओव्हरसियर घाटगे आले. नेर्लेकरांनी मला नकाशा घेऊन पाठवलं होतं. अण्णा धुतलेली टोपी घालून दारात उभे होते. घाटगे बोलका माणूस. जिना चढता चढता त्यांनी गुडघेदुखी, मुलीचं लग्न आणि कॉलनीतल्या गटारीची दुर्दशा असं सगळं सांगून टाकलं. वर येऊन ते सरळ मागच्या खोलीत गेले.

खोलीत ज्वारीची दोन पोती आणि एक पत्र्याचं पिंप होतं. सकाळी अक्कांनी खालून पाठवलं होतं, खोली अगदीच ओकीबोकी दिसते म्हणून. वहिनींना वाटलं होतं, जाऊबाई मदतच करतायत. अक्कांनाही कदाचित तसंच वाटलं असेल. मी आता कुणाच्या मनातलं सांगायला जात नाही.

"चूल कुठाय तुमची?" घाटग्यांनी विचारलं.

"खाली," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कालपासून. दोन दिवसच खाली करतेय."

"मग एकत्रच की."

"नाही हो साहेब, मी वेगळी आहे. हे बघा, रेशनकार्ड वेगळं आहे माझं."

घाटग्यांनी ते हातात घेतलं नाही. "ते पुरवठा खात्याचं. माझं काम नकाशा आणि जागा." त्यांनी नकाशा ज्वारीच्या पोत्यावर पसरला, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, लांबी घेतली, रुंदी घेतली. खिडकी बघितली. मग ते खरोखरच कौतुकानं हसले. "बावीस वर्षं नोकरी झाली माझी. नकाशा आणि जागा जुळलेलं पहिलं घर बघतोय."

अण्णा हसायला गेले आणि मध्येच थांबले. ते खिडकीतून बाहेर बघू लागले.

"शैलाताई," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता, शेजारणीला वाटीभर साखर मागावी तसा. "तुम्ही सांगा की यांना. कट्टा होता ना इथं?"

"होता का हो मॅडम?" घाटग्यांनी विचारलं. त्यांनी पेन थांबवलं होतं. माझ्या होयला त्या दिवशी जागा होती, एका ओळीची का होईना, होती. अण्णाही वळून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं आणि आपली सुटका व्हावी, असं काहीतरी असावं.

"मंजूर नकाशात तरी नाही," मी म्हणाले.

घाटग्यांनी मान हलवली आणि लिहिलं. वरचा मजला, मागील खोली, वापर कोठी. स्वतंत्र स्वयंपाकघर आढळले नाही. एकच कुटुंब. हरकतीत तथ्य नाही. वहिनींनी सही करायला पेन घेतलं तेव्हा त्यांना बहुतेक वाटत होतं, की नोटीस टळली एवढंच त्यात लिहिलंय. मी निघाले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुम्ही वेळेवर सांगितलंत."

ऑफिसात आल्यावर नेर्लेकरांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. "सुंठीवाचून खोकला गेला," ते म्हणाले आणि चहा मागवला. मी तो प्यायले.

महिन्याभरात अर्ज मंजूर झाला. त्याचा नवा नकाशाही मीच काढला, मधली भिंत काढून एक मोठी खोली केली, बाकांच्या रांगा आखल्या. दिवाळीनंतर वर क्लासची पाटी लागली. वहिनी आणि त्रिशला खालच्या मागच्या खोलीत गेल्या. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. बाजारात एकदा अक्का भेटल्या. राजमती आता आमच्यातच असते, म्हणाल्या, कामाला फार चांगली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, मार्च संपत आला होता तेव्हा, वहिनी माझ्या खोलीवर आल्या. संध्याकाळ झाली होती. मी नुकतीच ऑफिसातून येऊन दिवा लावला होता. त्या वाळल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, पूर्वी तसा घेत नसत.

"वकिलाकडे जाऊन आले," त्या सतरंजीवर बसत म्हणाल्या. "माझा भाऊ घेऊन गेला होता. त्रिशलाला घेऊन मी आता भावाकडेच जाईन म्हणते, पण तो म्हणाला, आधी एकदा विचारून तर बघू."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कट्टा असता तर सगळं होतं. गेल्या वर्षी नियम निघालाय म्हणे. असल्या एक-घर प्लॉटवर दुसरं स्वयंपाकघर खरोखर असेल, तर दंड भरून ते वेगळं घर म्हणून नोंदवून घेता येतं. मग माझ्या संमतीवाचून अण्णांना काही करता आलं नसतं. फक्त पाहणीला कट्टा जागेवर पाहिजे होता." त्यांनी सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. "तुम्हाला ठाऊक नसणार. नवीनच नियम आहे."

मला ठाऊक होतं. ते परिपत्रक पाहणीच्या आधी, मे महिन्यातच आमच्या ऑफिसात आलं होतं. मी त्याला भोकं पाडून स्वतः फाइलला लावलं होतं. शनिवारी संध्याकाळी वहिनींच्या भाकऱ्या चालू असताना त्यातलं कलम मला पाठ होतं. पण तो दंड भरायचा म्हणजे आधीचा नकाशा खोटा होता असं लिहून द्यावं लागे, आणि तो काढणाऱ्याचं नाव त्या फॉर्मवर विचारलेलं होतं.

"वकिलांनी विचारलं, कट्टा काढायला सांगितलं कुणी?" वहिनी म्हणाल्या. "ज्यानं सांगितलं त्याला साक्षीला आणा म्हणाले. तो उभा राहिला तर अजूनही काही करता येईल. परवा परत बोलावलंय."

"मग?"

"मी म्हटलं, कुणी नाही सांगितलं. माझंच डोकं चाललं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, राग नाही, काही नाही.

"तुमचं नाव कशाला घालायचं त्यात?" त्या म्हणाल्या. "माझ्या भल्यासाठी सांगितलं होतंत तुम्ही. तेवढ्यासाठी घरी आला होता. एवढ्या गावात एकट्या तुम्हीच आला होता."

मग त्या गप्प बसल्या. बराच वेळ. ती मी बोलायची वेळ होती, आणि ती तशी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मला चार शब्द बोलायचे होते. माझं नाव घाला, मी येते. खालच्या घरात कुणीतरी नळाखाली हंडा ठेवला, तो भरून वाहायला लागला, कुणीतरी नळ बंद केला.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको," राजमतीवहिनी उठत म्हणाल्या. "दिवस मावळला. आता काही घेता येत नाही."